मी उघडत नाही, फक्त बघते

माझ्या नोकरीची तीस वर्षं डोळ्यांना दिसू नये अशी वस्तू बनवण्यात गेली. वस्तू उत्तम जमली की ती दिसत नाही, तिच्या पलीकडचं दिसतं. ती स्वतः दिसायला लागली की समजायचं, बिघडली. त्यामुळे नातेवाईक कोलकात्याला आले आणि "तू करतेस तरी काय, दाखव की" म्हणाले, की मी कपाटातून एक चकती काढून त्यांच्या हातात द्यायचे. ते ती उलटीसुलटी करून बघायचे आणि म्हणायचे, "यात काहीच नाही." एवढी मोठी शाबासकी मला कुठल्या परिषदेतही मिळाली नाही.

मी इथल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राची प्राध्यापक होते, परवापरवापर्यंत. माझं काम पॉलिमरचं, त्यातही चष्म्याची आणि कॅमेऱ्याची भिंगं ज्याची होतात त्या पारदर्शक प्लास्टिकचं. माझे यजमान श्रीकांत बँकेत. त्यांची इथे बदली झाली तेव्हा तीन वर्षं काढून पुण्याला परत जायचं असं ठरलं होतं. पुढे बँकेने त्यांना गुवाहाटीला पाठवलं, भुवनेश्वरला पाठवलं, आणि मी मात्र इथेच चिकटले. शेवटी निवृत्त होऊन तेच माझ्याकडे राहायला आले.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी भेटले ते निमाईदा, आमचे लॅब अटेंडंट. राहणार बागबाजार. त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि कमालीच्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुम्हा मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी आमच्या गल्लीपासून खंदक खणला होता, मॅडम. तो बुजवायला नको होता." मग हसून माझ्यासाठी चहा आणायला गेले. आमचं हे सगळं बोलणं बंगालीत व्हायचं. माझं बंगाली ऐकून त्यांना होणारा त्रास त्यांनी तीस वर्षं चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

आमचं काम समजायला सोपं आहे. पाण्यासारखा एक द्रव असतो. तो तापवला की त्यातले सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रवाचा टणक, पारदर्शक तुकडा होतो. हा द्रव दोन स्वच्छ काचांच्या मध्ये ओतायचा, कडेने रबराची पट्टी लावायची, बाहेरून चिमटे लावायचे आणि सगळं ओव्हनमध्ये ठेवायचं. तापमान हळूहळू चढवायचं, हळूहळू उतरवायचं, असे तीन दिवस. मध्येच गार वारा लागला की तुकड्याच्या आत ताण राहतो. मी नव्या मुलांना सांगायचे, "दही विरजलंय असं समजा. हलवायचं नाही, उचलायचं नाही, उघडायचं नाही."

आतला ताण साध्या डोळ्यांना दिसत नाही. तो बघायला दोन काळपट पोलरायझर, म्हणजे गॉगलच्या काचांसारखे पत्रे, एक आडवा एक उभा असे धरायचे आणि मध्ये आपला तुकडा. तुकडा चांगला असेल तर सगळं काळंकुट्ट. ताण असेल तर त्यात रंगीत पट्टे उमटतात, अगदी इंद्रधनुष्य. बाहेरच्या माणसाला ते बघून भरून यायचं. आमच्या लॅबमध्ये इंद्रधनुष्य दिसलं की घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरायची.

गिऱ्हाइकंही यायची. विद्यापीठात गिऱ्हाईक कसलं, असं तुम्हाला वाटेल; पण "प्लास्टिकवाल्या मॅडम" अशी कीर्ती पसरली होती. सोसायटीतले शेजारी चष्म्याच्या मोडक्या काड्या घेऊन यायचे. एकदा एक मिठाईवाले आले, धोतर, रेशमी पंजाबी, म्हणजे आपला झब्बा, आणि हातात संदेश या इथल्या मिठाईची पेटी. त्यांना पेटीला असं झाकण हवं होतं की आतला संदेश मोठा दिसेल. मी म्हटलं, "करता येईल. पण झाकण उघडल्यावर गिऱ्हाइकाला कळेल ना?" ते शांतपणे म्हणाले, "तोवर तो घरी पोचलेला असतो." संदेश उत्तम होता, आणि उघड्या डोळ्यांनीही पुरेसा मोठा होता. मी त्यांना हात जोडून परत पाठवलं.

तर आता शर्मिष्ठा. ही माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. रोज रानाघाटहून लोकलने सियालदहला यायची, तिथून बस, आणि साडेनऊला लॅबमध्ये हजर. हात इतके स्थिर की द्रव ओतताना एक बुडबुडा येत नसे. बोलणं मात्र मोजकं. तिच्या प्रबंधाचा विषय होता जास्त जाडीची ताणरहित भिंगं. पातळ तुकडे सगळेच करतात, जाड तुकड्यात खरी परीक्षा. आणि जाड तुकडा काही जमेना. एक केला, इंद्रधनुष्य. दुसरा केला, इंद्रधनुष्य. मग अचानक एक अप्रतिम जमला, काळाभोर. आम्ही सगळ्यांनी मिष्टी दोई, म्हणजे इथलं गोड दही, खाल्लं. त्यानंतर पुन्हा सलग इंद्रधनुष्यं.

असं तीन वर्षं चाललं. अधूनमधून एखादा तुकडा सुरेख यायचा आणि पुन्हा तसा करायला गेलं की नाही. विज्ञानात एकदा जमलेल्या गोष्टीला किंमत नाही. पुन्हा जमली पाहिजे. इकडे तिची मुदत संपत आली होती. रानाघाटच्या कॉलेजात तिची निवड झाली होती, पण त्यांची अट होती की जूनच्या आत पदवी हातात हवी. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारी ही एकटीच. तिला रानाघाटचीच नोकरी हवी होती. ती मिळणार की जाणार, हे त्या तुकड्यांवर ठरायचं होतं.

मी शोधमोहीम उघडली. आधी हवेला धरलं. कोलकात्याची हवा अशी की टॉवेल वाळत घातला तर जास्त ओला होतो. लॅबमध्ये दमटपणा मोजायचं यंत्र लावलं. मग द्रव पुरवणाऱ्याला धरलं, त्याला खरमरीत पत्रं लिहिली. मग शेजारच्या इमारतीच्या बांधकामाच्या हादऱ्यांना धरलं. मध्येच एकदा शर्मिष्ठालाही धरलं. "तुझंच कुठेतरी काहीतरी चुकतंय" असं मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि काचा पुसायला गेली. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

ओव्हनवरही माझी करडी नजर होती. आमचा ओव्हन जुना, लोखंडी दाराचा, आत बघायला काच नाही. त्याच्या दारावर मी स्वतःच्या हाताने सूचना लिहून चिकटवली होती: दरवाजा उघडू नये. इंग्रजीत, हिंदीत आणि बंगालीत. सूचना पाळली जाते की नाही हे बघणं माझं कर्तव्यच होतं. म्हणून रोज अकराला आले की पर्स ठेवून मी आत एक नजर टाकायचे, आणि चारच्या चहाआधी एकदा. सगळं जागच्या जागी आहे ना, काचा सरकल्या नाहीत ना, एवढंच.

मग मी ओव्हनला तापमान नोंदवणारं यंत्र लावलं. दर मिनिटाची नोंद. आठवड्याने आलेख काढला आणि मी आनंदाने ओरडलेच. तापमानाची रेघ छान वर चालली होती आणि तिला रोज बरोबर दोन खड्डे पडत होते. एक अकराच्या सुमाराला, एक चारच्या सुमाराला. "सापडला चोर!" मी म्हटलं. "या दोन वेळेला इमारतीतली वीज कमी होते!" मी आलेखाची प्रत जोडून विद्यापीठाच्या विद्युत विभागाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्राला घाबरून त्यांनी एक इलेक्ट्रिशियन पाठवला. तो दोन दिवस मीटर लावून बसला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी त्याच्यासमोरच आत एक नजर टाकली आणि त्याला म्हटलं, "बघा हं, आता पडेल तापमान." पडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग निमाईदांकडे बघितलं. निमाईदा खिडकीबाहेर बघत होते. इलेक्ट्रिशियनने 'वीजपुरवठ्यात दोष नाही' असा शेरा लिहिला आणि गेला. मी त्याला मनात कामचुकार म्हटलं.

शेवटी मी सगळ्या नमुन्यांच्या तारखांचा एक मोठा तक्ता केला. कोणता तुकडा कधी झाला, हवा काय, पाऊस होता का, द्रवाची बाटली कोणती. चांगले निघालेले तीन तुकडे लाल रंगात. या तिघांत सारखं काहीतरी असणार, पण ते काय ते मला दिसेना. एका रविवारी दुपारी मी तो तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. श्रीकांत पानात वरण वाढून घेत होते. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

"या लाल तारखा कसल्या गं?"

"चांगले तुकडे झाले ते दिवस. काय सारखं आहे तेच कळत नाही."

त्यांनी चष्मा लावला. "ही पहिली म्हणजे सांगलीचे गणपती. आपण आठ दिवस तिकडे होतो." मग बोट खाली सरकवलं. "हे मिलिंदचं लग्न, नाशिक. आणि ही... हां, तुझी दाढ. गाल सुजला होता, तीन दिवस घरात होतीस." त्यांनी चष्मा काढला. "सारखं काय ते अगदी उघड आहे. तू लॅबमध्ये नव्हतीस."

"अहो, काहीतरीच काय! मी नसले म्हणून प्लास्टिक चांगलं होतं?"

"ते मला नाही माहीत. तू तिथे जाऊन करतेस काय?"

"काही नाही. आत एकदा बघते, बस."

श्रीकांतांनी वरणाची पळी खाली ठेवली. "ओव्हन उघडून?"

"मग न उघडता कसं दिसणार?"

"गणपतीत मोदक वाफवताना मी मोदकपात्राचं झाकण नुसतं उचललं," ते म्हणाले, "तर माझ्या हातावर उलथनं कोण मारतं?"

मी तक्त्याकडे बघत बसले. वरण गार झालं. त्यांनी मुकाट्याने ते परत गरम करून आणलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी निर्विवाद सरशी होऊनही ते त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नंतरच्या आठवड्यात त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी लॅबमध्ये गेले ती थेट निमाईदांकडे. "निमाईदा, मी दार उघडते म्हणून तुकडे बिघडतात. तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, मॅडम."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

निमाईदांनी सूचनेकडे बोट दाखवलं. "तीन भाषांत लिहिलं होतं. मराठीत लिहायचं राहिलं."

मी शर्मिष्ठाला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "तू तरी सांगायचंस," मी म्हटलं. "तीन वर्षं गेली तुझी."

ती हळूच म्हणाली, "सांगितलं होतं, मॅडम. दुसऱ्या वर्षी."

"मग? मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, मी उघडत नाही, फक्त बघते."

मला हे आठवत नव्हतं. आठवत असतं तर निदान वाद तरी घालता आला असता. मी तिची माफी मागितली. आमच्याकडे प्राध्यापकाने विद्यार्थिनीची माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे ती इतकी गडबडली की तीच माझ्या पाया पडली.

त्या दिवसापासून ओव्हनला कुलूप आणि किल्ली निमाईदांकडे. अकरा वाजले की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. ओव्हनसमोर स्टूल टाकून निमाईदा वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. ते वर न बघता म्हणायचे, "झोपलंय, मॅडम." मी परत फिरायचे. ते तीन दिवस कसे काढले माझं मला माहीत. चौथ्या दिवशी तुकडा बाहेर काढला, पोलरायझरमध्ये धरला, काळाकुट्ट. पुढचाही तसाच. लागोपाठ चार. शर्मिष्ठा चौथ्या तुकड्याला रडली. मीही.

तिने तीन महिन्यांत प्रबंध लिहून काढला. बिघडलेल्या तुकड्यांच्या प्रकरणात आलेख होता, दोन खड्ड्यांसकट. कारण म्हणून तिने लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेतील व्यत्यय'. मी ते वाचलं. यापेक्षा स्पष्ट लिहायला हवं हे मला कळत होतं. पण मी त्या पानावर काही खूण केली नाही, पुढचं पान उलटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

मेमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातून आले होते. याच विषयातले मोठे जाणकार आणि तितकेच कडक म्हणून प्रसिद्ध. आमच्याकडे ही परीक्षा उघड असते: विभागातले सगळे बसतात, मागच्या टेबलावर शिंगाडे, म्हणजे इथले सामोसे, आणि मिठाईच्या पेट्या वाट बघत असतात, आणि मार्गदर्शकाने तोंड मिटून बसायचं असतं. शर्मिष्ठाची आई रानाघाटहून आली होती. ती सगळ्यांत मागे, मिठाईच्या जवळ, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

सगळं छान चाललं होतं. मग परीक्षकांनी ते पान उघडलं.

"हे रोज अकराला आणि चारला तापमान का खाली येतं?"

"सर, प्रयोगशाळेतला व्यत्यय," शर्मिष्ठा म्हणाली.

"कसला व्यत्यय?"

तिने समोरच्या प्रबंधाचं पान उलटलं.

"रविवारी तो दिसत नाही. या व्यत्ययाला साप्ताहिक सुट्टी असते का?"

मागे कुणीतरी हसलं. शर्मिष्ठाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"हे बघा," परीक्षक म्हणाले, "तुमचे चांगले तुकडे उत्तम आहेत. पण वाईट का बिघडले हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर चांगले का जमले हेही तुम्हाला माहीत नाही. कारण शोधा. सहा महिन्यांनी पुन्हा या." आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

सहा महिने म्हणजे जून गेला, रानाघाटचं कॉलेज गेलं. तिला उत्तर माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, आणि ती माझ्यासाठी बोलत नव्हती. मी उभी राहिले. विभागप्रमुखांनी माझा पदर ओढल्यासारखा हात केला, पण मी बघितलं नाही.

"कारण माहीत आहे, सर," मी म्हटलं. "तिलाही आणि मलाही. तो व्यत्यय मी आहे. रोज दोनदा ओव्हनचं दार मी उघडायचे. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे तिने लिहिलं नाही ते माझी लाज राखायला, आणि मी तिला लिहायला लावलं नाही, ही माझी चूक."

चहाचा ट्रे घेऊन निमाईदा दारातच थांबले. परीक्षक माझ्याकडे टक लावून बघत होते.

"दोनदा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती वेळ उघडं?"

"बघून होईपर्यंत."

"पण आत बघण्यासारखं काय असतं?"

"काहीच नसतं, सर," मी म्हटलं. "पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मला एक फोन करायचाय," आणि उठून बाहेर गेले. शर्मिष्ठाच्या आईने हळूच विचारलं, "पास ना फेल?" कुणालाच सांगता येईना. व्हरांड्यातून त्यांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता. कडक माणसांना हळू बोलता येत नाही.

"ओव्हनमध्ये आत्ता कुणाचं आहे?... बरं. कुणीही दार उघडायचं नाही... नाही, मीसुद्धा. उद्या मी आलो आणि उघड म्हटलं तरी नाही. किल्ली तुझ्याकडे ठेव."

ते आत आले, खुर्चीवर बसले, प्रबंधाच्या त्या पानावर 'कारण स्पष्ट लिहावे' एवढीच दुरुस्ती सुचवली आणि सही केली. मग उभं राहून शर्मिष्ठाला "डॉक्टर" म्हणून हाक मारली. तिच्या आईने मिठाईची पहिली पेटी माझ्या हातात कोंबली आणि दुसरी त्यांच्या.

चहाच्या वेळी ते खिडकीपाशी एकटे उभे होते. शिंगाडा हातात तसाच. मी जवळ गेले आणि न राहवून विचारलं, "सर, फोनवर तुमचा विद्यार्थी काय म्हणाला?"

"चौथं वर्ष आहे त्याचं," ते म्हणाले. "आधी धावत जाऊन किल्ली घेऊन आला. मग म्हणाला, 'सर, नक्की?'"